एकतीस वर्षांचे स्वच्छ मासे

११ एप्रिल

आजवर मी फक्त चिठ्ठ्या लिहिल्या. माशाची जात, लांबी, कुठल्या जाळ्यात सापडला, तारीख. बरणीवरची चिठ्ठी दोन बोटं रुंद असते, तिच्यात स्वतःबद्दल लिहायला जागा नसते, आणि मला ती कधी कमी पडली नाही. पण आज संध्याकाळी हिने ही कोरी वही पुढ्यात टाकली. म्हणाली, "जेवताना भिंतीशी जे बोलता ना, ते हिच्यात लिहा. भिंत कंटाळली."

कारण असं की आमच्या संस्थेच्या तळघराच्या दारावर आज नोटीस लागली. 'नमुना-खोली ३१ ऑगस्टपर्यंत रिकामी करण्यात येईल. उपयुक्त नमुन्यांची यादी द्यावी. उर्वरित नमुन्यांची विल्हेवाट लावण्यात येईल.' खाली संचालकांची सही. खोलीत संगणक बसणार आहेत म्हणे.

मी डिसेंबरात निवृत्त होणार. माझ्यासाठी चार महिने कुठेही खुर्ची टाकतील. प्रश्न बरण्यांचा आहे. सोळाशे तीस बरण्या माझ्या हातच्या, आणि दोनशे चौदा माझ्या आधीच्या माणसाच्या. उपयुक्त म्हणजे कुणाला उपयुक्त, हे नोटिशीत लिहिलेलं नाही.

१४ एप्रिल

यादी करायला घेतली. आधीच्या माणसापासून सुरुवात केली, म्हणजे वाईट आधी उरकेल.

त्याला सगळे आळशी म्हणायचे, तोंडावरसुद्धा. अठ्ठावीस वर्षं तो या खोलीत होता. जाळ्यातून आलेला मासा जसाच्या तसा बरणीत टाकायचा, चिखलासकट, पोटाला एक चीर देऊन. ती चीर द्यावीच लागते, नाहीतर स्पिरिट आत पोचत नाही आणि मासा आतून सडतो. त्यापलीकडे त्याने माशासाठी काही केलं नाही. त्याच्या बरण्यांतलं स्पिरिट उकळलेल्या चहासारखं दिसतं. तळाशी गाळ. त्याच्या चिठ्ठ्या मात्र बरोबर आहेत, हे कबूल करायला हवं.

मी लागलो तेव्हा संस्थेचे प्रमुख मोठे सर होते. पहिल्याच दिवशी त्यांनी आळशीची एक बरणी उजेडात धरली आणि म्हणाले, "हा मासा आहे की मोरीतला बोळा? आपल्याकडचा मासा कसा दिसला पाहिजे माहितीये? लग्नाला निघाल्यासारखा." तेव्हापासून मी तसंच केलं. मासा आला की मिठाच्या पाण्यात तीनदा धुवायचा. कल्ल्यांमधली चिकट घाण मऊ ब्रशने काढायची. अंगावर काळे ठिपके असतील तर ते पात्याच्या टोकाने खरवडायचे, खवला न दुखावता. मग चीर, आणि चिरेतून बारीक चिमटा घालून आतली पांढरी फीत ओढून काढायची. ही फीत राहिली तर आठवड्याभरात स्पिरिट गढूळ होतं. ती अखंड बाहेर काढणं सोपं नाही. मध्येच तुटते, मग तुकडा न् तुकडा शोधून काढावा लागतो. माझ्या हातून गेल्या वीस वर्षांत एकदाही तुटली नाही.

माझ्या बरण्या आजही पाण्यासारख्या स्वच्छ आहेत. कुणीही बघावं.

२२ एप्रिल

देव पावला म्हणायचा की काय. दुसऱ्या शहरातून एक संशोधक मुलगी आली आहे. तिला आमच्या तळ्यातल्या सगळ्या जुन्या रुपेरी हव्यात. रुपेरी म्हणजे वीतभर लांबीची चंदेरी मासळी, तळ्यात सगळ्यात जास्त तीच. साठ वर्षांच्या रुपेरी एका छताखाली आहेत हे ऐकून ती शिडीवरच बसली. संचालकांना मी लगेच सांगून आलो. ते म्हणाले, "तिला काही सापडू दे, मग बघू."

तिला काय शोधायचंय विचारलं तर म्हणाली, "जंत."

मला वाटलं थट्टा करतेय. घरी सांगितलं तर ही हसून हसून लोळली. ही दवाखान्यात औषधं देते, आणि वर्षातून दोनदा शाळेत जाऊन पोरांना जंताच्या गोळ्या खाऊ घालते. आमच्या घरात जंताला एवढाच मान आहे. मुलीला आम्ही आता पाहुणी म्हणतो.

२३ एप्रिल

पाहुणीने विचारलं, "काका, बरणीत घालायच्या आधी मासा कसा तयार करता?"

मी तिला कार्यपद्धतीची छापील पुस्तिका दिली. तिच्यात सगळं आहे. 'मासा स्वच्छ पाण्याने धुवावा, पोटाला चीर द्यावी, स्पिरिटमध्ये ठेवावा.' तिने ते वाक्य उतरवून घेतलं आणि विचारलं, "आधीचेही असंच करायचे?" मी म्हटलं, "तो धुवायचाही नाही." ती हसली.

माझी स्वतःची पद्धत सांगणार होतो, पण आपल्याच तोंडाने आपली टिमकी कशाला वाजवा. बरण्या बोलतील.

३ मे

पाहुणी आळशीच्या बरण्यांपासून वर येतेय. रोज नऊला दिवा लावते. मासा पांढऱ्या ताटलीत घेते, जुन्या चिरेतूनच आत बघते, नवीन काप देत नाही. हात चांगला आहे. आळशीच्या घाणेरड्या माशांतून ती काय काय काढते आणि मोजून परत ठेवते, तेही त्याच बरणीत. आज तिला एका रुपेरीत हातभर लांब फीत सापडली तर ती टाळ्या पिटायला लागली.

मी म्हटलं, "बाई गं, एवढं काय त्यात?"

तर तिने मला स्टुलावर बसवून शिकवणीच घेतली. "काका, हा जंत तीन घरं बदलतो. पहिलं घर म्हणजे पाण्यातला तिळाएवढा किडा. रुपेरी तो किडा खाते, जंत तिच्या पोटात जातो आणि वाढतो. पण त्याची अंडी होतात ती पक्ष्याच्या पोटात. मग तिथे पोचायचं कसं? तो मासळीलाच वर आणतो. ती टोळी सोडून पाण्याच्या वरच्या थरात घुटमळत राहते आणि पाणकावळा तिला अलगद उचलतो. पक्षी शिटला की अंडी पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून."

"मासळीचं वाट्टोळं झालं की."

"त्या एकीचं झालं. पण पोटात जंत असलेली रुपेरी अंडी घालत नाही, म्हणून रुपेरी माजत नाही. ती माजली ना, तर ते तिळाएवढे किडे सगळे फस्त करील. मग शेवाळ खायला कोण राहिलं? पाणी हिरवं होणार, तळ अंधारात जाणार, बाकीच्या अकरा जाती उपाशी. तळ्यात बारा जाती नांदतात त्यात या फितीचाही हात आहे."

"म्हणजे लगाम."

"लगाम आणि हजेरीपट, दोन्ही. तीन घरांपैकी एक जरी मोडलं तरी जंत संपला. म्हणून जंत सापडला की समजायचं, किडा आहे, मासा आहे, पक्षी आहे. तिघंही हजर. धडधाकट तळ्यात जंत भरपूर असतात, काका. मरायला टेकलेलं तळं एकदम स्वच्छ असतं."

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "वीस वर्षं मी जंतांच्या मागे लागलेय, आणि तुमची पाहुणी त्यांचे गोडवे गातेय. तिला म्हणावं, एकदा माझ्या शाळेतल्या पोरांची पोटं बघ." मी तेही पाहुणीला सांगितलं. ती म्हणाली, "काकूंचं शंभर टक्के बरोबर आहे. पोरं म्हणजे तळं नाही."

१९ मे

आजपासून माझ्या बरण्या. सकाळी मी मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. हिने विचारलं, कुणाचं लग्न? मी म्हटलं, माशांचं.

दिवसभरात तिने सहा बरण्या उघडल्या. चाळीस रुपेरी. संध्याकाळी मान वर करून म्हणाली, "काका, तुमच्यात एकही नाही."

मी काहीतरी 'हं' असं म्हणालो, पण खरं सांगायचं तर छाती फुगली. एकतीस वर्षांत कुणी असं बसून माझं काम तपासलं नव्हतं. माझ्या हाताखालून गेलेल्या माशात सापडेलच कसा? ती मात्र गप्प गप्प होती. दमली असेल.

२४ मे

अजूनही एकही नाही. ती माझ्या सगळ्या वर्षांतून थोड्या थोड्या बरण्या घेतेय. ताजे मासे बघायचे होते तिला, पण अंडी घालायचा मोसम आहे, तळ्यावर १५ जुलैपर्यंत मासेमारी बंद. मी म्हटलं, गेल्या वर्षीची बरणी आहे की, ताज्यासारखीच आहे. ती म्हणाली, "तीच धरते आजची म्हणून."

७ जून

आज पाहुणीने संचालकांच्या खोलीत आलेख दाखवला. मलाही बोलावलं. डावीकडून अठ्ठावीस वर्षं ठिपके वर-खाली होतात, डोंगररांगेसारखे. मग एका वर्षी कडा कोसळतो आणि पुढे एकतीस वर्षं रेघ जमिनीवर आडवी. शून्य. शून्य. शून्य.

"या वर्षी तळ्यात काहीतरी झालं," ती म्हणाली. "मोठं काहीतरी. एका वर्षात जंत साफ. मी असं कुठेच पाहिलेलं नाही."

संचालक म्हणाले, "वरच्या अंगाचा बंधारा त्याच सुमाराला झाला!" त्यांचा चेहरा उजळला होता. "हे तर मोठं काम आहे. तळं कधी मेलं त्याचं वर्षच सापडलं. ही खोली नसती तर कळलं असतं का?" मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. कामाला लागल्यापासून पहिल्यांदा. म्हणाले, "खोली कुठे जात नाही आता. संगणक वर बसवू."

बंधारा त्याच्या दोन वर्षं आधी झाला. कडा कोसळला त्या वर्षी मी कामाला लागलो.

८ जून

लिहिण्यासारखं काही नाही.

सकाळी सायकलवरून जाताना तळ्याच्या उथळ भागापाशी थांबलो. लव्हाळ्यात तेवीस पाणकावळे बसले होते. रोजच बसतात.

११ जून

झाकली मूठ सव्वा लाखाची. हे तीन दिवस मी हेच स्वतःला सांगतोय.

माझं म्हणणं असं. एक, खोली वाचली. दोन, मी खोटं काही बोललो नाही. मला विचारलं ते मी सांगितलं, पुस्तिका दिली. तीन, मोठ्या सरांनी सांगितलं तसं केलं, माझ्या मनचं काही केलं नाही. चार, जंत गेले काय, राहिले काय, कागदावरच्या एका रेघेने कुणाचं काय बिघडतं?

आता याच्या समोरची बाजू. ती पोरगी महिनाभर माझ्या शून्यांपायी झोपलेली नाही. तिला वाटतं तिला तळ्याच्या मरणाची तारीख सापडली. तिला सापडली ती माझ्या नेमणुकीची तारीख.

त्या फिती मी मोजल्या नाहीत. कुठे लिहिल्या नाहीत. चिमट्याला लागलेल्या मोरीत झटकल्या आणि वरून पाणी सोडलं. दर आठवड्याला, एकतीस वर्षं.

१५ जून

नगरपालिकेचा अभियंता आला होता. संचालकांकडे अहवालाचा कच्चा मसुदा वाचून आला होता आणि फार खुशीत होता. तळ्याचा उथळ भाग, लव्हाळ्याचा, भरून तिथे गाड्या लावायची जागा आणि फिरायचा रस्ता करायचाय. दोन वर्षं पक्षीवाले आडवे येत होते. त्याने मसुद्यावर बोट ठेवलं. "तुमच्याच कागदात आहे. जंत नाही म्हणजे साखळी तुटली. साखळी तुटली म्हणजे तिथे आता राखण्यासारखं काही नाही."

पाहुणी म्हणाली, "मी मेलं असं लिहिलंय. भरा असं नाही लिहिलं."

"मग मेलेल्याचं काय करतात, मॅडम?"

ती गोरीमोरी झाली. मी चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. म्हणालो, "तिथे पाणकावळे बसतात." अभियंता म्हणाला, "पक्षी काय हो, विजेच्या तारेवरही बसतात."

२० तारखेला आमच्याच संस्थेत नगरपालिकेची बैठक आहे. मंजुरी द्यायची की नाही ते त्या दिवशी ठरणार.

चौथ्या मुद्द्याचं उत्तर मिळालं. रेघेने बिघडतं.

१६ जून

हिला सगळं सांगितलं. ही भाजी निवडत होती. निवडणं न थांबवता ऐकत राहिली.

"मग पाहुणीला सांगा."

"सांगितलं तर खोली गेली. माझ्या सोळाशे तीस बरण्यांत जंत शोधायला जाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्या कुणाच्याच कामाच्या नाहीत, हे मीच माझ्या तोंडाने सांगायचं?"

"तुमच्या सोडून दुसऱ्या कुणाच्या तोंडात ते आहे?"

मी म्हटलं, "मोठ्या सरांच्या होतं. ते गेले."

"सरांना बरंय," ही म्हणाली. निवडलेली भाजी टोपलीत भरली. मग म्हणाली, "एकदा मी गोळ्यांची चुकीची बाटली दिली होती. लगेच लक्षात आलं. त्या बाईच्या घरापर्यंत पळत गेले होते, चपला हातात घेऊन. लाज वाटली, पण पोचल्यावर वाटली. पळताना नाही."

हे हिने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

१९ जून

सांगायला तीनदा तिच्या टेबलापाशी गेलो. एकदा तिला स्पिरिट हवंय का विचारलं. एकदा दिवा नीट आहे का विचारलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "काका, बरं नाहीये का तुम्हाला?" मी म्हटलं, छे.

भ्याड माणूस आहे मी. हे आज पहिल्यांदा कळलं असं नाही, पण लिहून ठेवलेलं बरं.

२० जून

बैठक अकराला होती. साडेनऊला मी खोलीत गेलो आणि बसण्याच्या आधीच बोलून टाकलं, म्हणजे पाय माघारी यायला वेळ मिळायला नको. धुणं, ब्रश, पातं, चिमटा, मोरी. सगळं.

पाहुणी ऐकताना पेन्सिल धरून होती. काही लिहिलं नाही तिने.

"किती असायचे?" तिने विचारलं.

"दहा रुपेरीत दोन-तीन. काही वर्षं चार."

"कुठे लिहिलंय?"

"नाही."

"मोजले होते?"

"नाही गं. घाण म्हणून काढायचो. घाण कोण मोजतं?"

"आठवण म्हणजे आकडा नाही, काका," ती म्हणाली. चिडून नाही. मग तिने माझी एक बरणी उचलली आणि दिव्यापुढे धरली. रुपेरी झगमगली. ती म्हणाली, "मी इतकी मूर्ख कशी? इतक्या सुंदर बरण्या बघून मला तेव्हाच विचारायला हवं होतं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही. वय झालं की येतं.

थोड्या वेळाने म्हणाली, "हे मी सांगितलं तर लोक म्हणतील आलेख अंगाशी आला म्हणून कारण शोधलं. तुम्ही सांगाल?"

मी बैठकीत आजवर फक्त चहा नेलेला. आज उभं राहून बोललो. नेमकं काय बोललो ते आठवत नाही, पण चिमट्याचा भाग हाताने करून दाखवला हे आठवतं, कारण कुणीतरी हसलं. अभियंता म्हणाला, "म्हणजे एका माणसाच्या सांगण्यावरून एवढं काम थांबवायचं?" पाहुणी म्हणाली, "थांबवू नका. पंधरा जुलैला बंदी उठते. त्याच उथळ भागात जाळं टाका, तुमच्यासमोर उघडते." बैठकीच्या अध्यक्षांनी तेवढी मुदत दिली.

बाहेर आल्यावर संचालक मला म्हणाले, "याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात." त्यांचंही खरं आहे. खांद्यावर हात ठेवला नाही.

२ जुलै

खोली रिकामी करायचा आदेश आला. पाहुणीने मोठ्या शहरातल्या संग्रहालयाला पत्र लिहून निदान जुन्या बरण्या तरी घ्याव्यात अशी विनंती केली होती, त्याचंही उत्तर आलं. ते आळशीच्या दोनशे चौदा बरण्या घेणार. 'अत्यंत दुर्मिळ, अस्पर्शित नमुने' असं त्यांनी लिहिलंय. अस्पर्शित! ते अस्पर्शित राहिले, कारण त्याला हात लावायचा कंटाळा होता.

माझ्या बरण्यांची विल्हेवाट. स्पिरिट गोळा करणारे येतील.

आळशीच्या बरण्या गवतात आणि कागदात मीच बांधतोय. दुसरं कुणी बांधलं तर फुटतील. बांधताना त्याच्या चिठ्ठ्या वाचल्या. एका चिठ्ठीवर खाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'जसा आला तसा.' मी ती चिठ्ठी आधी पन्नासदा तरी पाहिली असेन, आणि दर वेळी ती त्याच्या आळसाची कबुली वाटली. आता कळत नाही. कदाचित कंटाळाच असेल. मेलेल्या माणसाला आपण उगाच शहाणा करतो.

१७ जुलै

उथळ भागात जाळं टाकलं. गुडघाभर पाणी, लव्हाळी, बूट चिखलात अडकतात. अभियंता काठावर उभा होता, चकचकीत बुटांत. पाहुणीने काठावर टेबल मांडलं आणि एकेक रुपेरी उघडायला लागली. मला म्हणाली, "तुम्ही आकडे लिहा." मी चिठ्ठीसारखं लिहिलं. एक, नाही. दोन, नाही. तीन, नाही. चार, नाही. पाच, नाही. मनात आलं, आपल्याला भास झाला होता की काय. एकतीस वर्षं आपण मोरीत काय सोडत होतो?

सहाव्या रुपेरीत होता. जिवंत, पांढरा, ताटलीत हळूहळू वळत होता. अभियंता दोन पावलं मागे सरकला. मला आनंद झाला, असा आनंद की मला स्वतःचीच लाज वाटली. जंत बघून!

साठ रुपेरींत सतरांमध्ये निघाला. पाहुणीने त्यातला एक अभियंत्यापुढे धरला आणि सांगितलं, "तिघंही हजर आहेत." त्याला ते कळलं नाही, पण आकडा कळला. जाताना म्हणाला, रस्ता पलीकडच्या काठानेही जाऊ शकतो, तिकडे मुरूम आहे. नक्की काय करतील देव जाणे. तूर्त उथळ भाग राहिला.

३१ ऑगस्ट

खोली रिकामी. दुपारी स्पिरिटवाले आले होते. एकेक झाकण उघडून पिंपात ओततात. मासे वेगळ्या पोत्यात. मी थांबलो नाही. थांबणार होतो, पण दहाव्या बरणीनंतर बाहेर येऊन सायकलचं चाक तपासत बसलो. चाकाला काही झालेलं नव्हतं.

वाईट वाटलं का असं हिने विचारलं. मी म्हटलं, हो, फार. ही म्हणाली, "वाटू दे मग." आणि माझ्या उशीचा अभ्रा बदलला. एकतीस वर्षांचा स्पिरिटचा वास तिने काही न बोलता सोसला होता, हे मला आज कळलं.

१२ सप्टेंबर

पाहुणीचा निबंध छापायला चाललाय. तिने मला तो पाठवला. मला त्यातलं निम्मं कळत नाही. आळशीची अठ्ठावीस वर्षं आणि या वर्षीच्या साठ रुपेरी, एवढ्यावर तिने लिहिलंय की हा जंत या तळ्यात जवळपास साठ वर्षांपूर्वी होता आणि आजही आहे. मधल्या एकतीस वर्षांबद्दल काही सांगता येत नाही. आलेखात तिथे रिकामी जागा आहे.

सतराव्या पानावर, पद्धतीच्या भागात, एक वाक्य आहे. 'या कालखंडातील नमुने कुशल हातांनी साफ केलेले असल्यामुळे गणनेतून वगळले आहेत.'

संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, "काका, ते वाक्य वाचलंत? संपादक म्हणताहेत 'कुशल' शब्द तिथे अनावश्यक आहे, काढून टाका. तुम्हाला काय वाटतं? तुम्ही म्हणाल तसं करते."

ही समोर बसून खुणेने विचारत होती, काय झालं म्हणून.

मग मी म्हटलं, "राहू दे. तेवढा एक मी आहे तिथे."